चौथ्यानंतर तिसरं

पडद्यावरचा माणूस दार ढकलून आत आला, ओला कोट त्याने खुंटीला अडकवला, टेबलाशी बसून वाडग्यातलं चमचाभर तोंडात घातलं आणि बायकोकडे न बघताच मीठ मागितलं. सगळं जसंच्या तसं होतं. कोटाच्या बाहीतून फरशीवर ठिबकणारं पाणी, खिडकीच्या काचेवरची वाफ, बायकोचा मिठाच्या भांड्याकडे सावकाश जाणारा हात. फक्त तो माणूस अजून मेलेला नव्हता. रविवारची सकाळ, सुनेच्या टेबलावरचा कॉम्प्युटर, हातात अर्धा कप चहा, शेजारच्या खोलीत नवऱ्याचं घोरणं, अशा सगळ्या घरगुती गोष्टींच्या मधोमध तिला एकदम पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी तसं झालं. ती म्हणाली, मशीनने मधलं काहीतरी खाल्लं, मागे घे. सुनेने मागे घेतलं. लग्न, घर, होडी, भांडण, कोट, मीठ. कुठे तुटलेलं नव्हतं. मग सुनेने चित्र पुढे नेलं, आणि जेवणानंतर बऱ्याच वेळाने तो माणूस होडीसकट बुडाला, बर्फातून त्याची शवपेटी गेली, काळ्या कपड्यांतली माणसं टेकडी उतरून घरोघर पांगली. म्हणजे आधी जेवण आणि मग मरण. जगात सगळीकडे असतं तसं.

औषधाच्या दुकानात उभ्या आयुष्याने तिला एक गोष्ट शिकवली होती, की गिऱ्हाइकाच्या हातातली चिठ्ठी कितीही वाईट असली तरी चेहऱ्यावरची रेघ हलू द्यायची नाही. ती तशीच बसून राहिली. पण आत हिशेब सुरू झाला होता. चाळीसेक वर्षं ती या चित्रपटाबद्दल बोलत आली होती. परका देश, परकी भाषा, आणि एकदाच, एकाच संध्याकाळी पाहिलेला. त्यात मेलेला माणूस जेवायला घरी येतो, आणि त्याची बायको दचकत नाही. ती मीठ पुढे करते. एवढंच. दुकानामागच्या खोक्यांच्या खोलीत जमणाऱ्या मंडळींना तिने ते इतक्या वेळा सांगितलं होतं, की ज्यांनी तो चित्रपट पाहिला नव्हता त्यांनाही कोटातून ठिबकणारं पाणी दिसायचं. आणि आता त्याचा रिमेक आला होता, आपल्या भाषेत, आपल्या नटांना घेऊन, आणि त्यात तो माणूस सरळ जेवून मग मरत होता. मंडळी खवळली होती. वर्तमानपत्राच्या पुरवणीने प्रेक्षकांची मतं मागवली तेव्हा मंडळींतल्या वकिलांनी तिला भरीला घातलं, आणि मंगळवारी तिचं वाक्य चौकटीत, फोटोसकट छापून आलं: मूळ चित्रपटातली बाई दचकत नाही, रिमेकवाल्यांनी तिला दचकायचं कारणच ठेवलेलं नाही, कारण ते धाडस त्यांना पेललं नाही. वाक्य चांगलं होतं. तिने ते स्वतः तीनदा वाचलं होतं. गुरुवारी त्याच पानावर रिमेकच्या दिग्दर्शकाचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. बाईंनी मूळ चित्रपट पुन्हा एकदा पाहावा, एवढंच होतं. वकील हसले होते, पळवाट काढतोय म्हणाले होते. सून मात्र हसली नव्हती. तिने दोन दिवस खटपट करून कुठल्याशा परदेशी संग्रहालयाने नुकतीच धुऊनपुसून काढलेली प्रत मिळवली, रात्री एकटीने पाहिली आणि सकाळी सासूला हाक मारली.

"मी कुणालाच बोललेली नाही, आई," सून म्हणाली. "आणि बोलणारही नाही. तुम्ही म्हणालात तर ही प्रत मला मिळालीच नाही."

सुनेचं हे वागणं तिला आवडलं, आणि आवडलं याचा थोडा रागही आला. वर्षभरापूर्वी ही मुलगी घरात आली ती तोंडाळ म्हणून. पहिल्याच रविवारी मागच्या खोलीत तिने दातांच्या डॉक्टरांना ऐकवलं होतं, की तुम्ही पिक्चरचं परीक्षण करत नाही, त्याला टोपण बसवता. डॉक्टर महिनाभर ते वाक्य स्वतःचं म्हणून सांगत फिरले. अशा मुलीने हाती आयता आलेला डाव न खेळता समोर ठेवला होता. आपल्या मुलाने निदान बायको तरी पारखून आणली, असं तिच्या मनात येऊन गेलं; स्वतः तो पिक्चरला वडिलांसारखाच झोपायला जायचा. तिने कप खाली ठेवला, साडीच्या निऱ्या सारख्या केल्या आणि दुकानाची किल्ली घेतली. सून विचारत होती, की मग काय करायचं. ती म्हणाली, दुकान उघडायचं.

दुकान चालत दहा मिनिटांवर. रविवारच्या रस्त्याला असतो तसा सैलपणा होता. अर्धी शटरं खाली, एक माणूस दुकानासमोरची पाटी पुसत होता, एका बाल्कनीतून कुणी सतरंजी झटकत होतं. चालता चालता तिने ती संध्याकाळ पुन्हा काढली, पण आता तिच्याकडे चोरून बघावं तसं बघितलं. शाळेचं सभागृह, खिडक्यांना काळं कापड, लाकडी बाकं. दादा, तिचा मोठा भाऊ, दिवसा वायरिंगची कामं करायचा आणि महिन्यातून एकदा चित्रपट मंडळाचं सोळा एमेमचं प्रोजेक्टर मशीन चालवायचा. मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर अंधारात थांबावं लागे. दादा इतक्या झटपट नवं रीळ ओवायचा, की लोकांना खोकायलाही पुरता वेळ मिळत नसे. दिवे लावायचे नाहीत, हा त्याचा मान होता. परदेशी चित्रपट पत्र्याच्या डब्यांतून यायचे. दुपारी आले की रात्री दाखवून सकाळी पुढच्या गावाला रवाना, म्हणजे आधी बघून घ्यायची सोय नाही. या चित्रपटाची पाच रिळं होती. गोष्टीचा कागद आला नव्हता. खाली पांढऱ्या अक्षरांत भाषांतर होतं, ते निम्मं बर्फावर विरघळून जायचं. आता सगळं लख्ख दिसत होतं, इतकं की लाज वाटावी. दुसऱ्यानंतर चौथं लागलं होतं. माणूस मेला. मग तिसरं लागलं. माणूस जेवायला आला. मग पाचवं. बाईने घराला कुलूप घातलं आणि किल्ली दगडाखाली ठेवून निघून गेली. किल्ली कुणासाठी ठेवली, यावर मंडळींनी किती रविवार घालवले होते. तो पुन्हा आला तर त्याला घरात जाता यावं म्हणून, असं ठरलं होतं. खरं तर ती किल्ली, आज सकाळी कळलं, घर विकत घेणाऱ्यासाठी होती.

चूक म्हणजे काय हे तिला कुणी सांगायला नको होतं. सारख्या रंगाच्या दोन बाटल्या, सारखीच झाकणं, आणि हात चुकीच्या बाटलीकडे गेला की समोरचा माणूस घरी जाऊन मरू शकतो. तिच्या हातून तसं कधी झालं नव्हतं, आणि हा काही लहान अभिमान नव्हता. गल्लीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरची चिठ्ठी न वाचताही लोक तिच्या हातचं औषध डोळे मिटून घ्यायचे. आणि तोच चोखपणा तिने मागच्या खोलीतही पाळला होता. तिथला तिने घालून दिलेला नियम होता, की रिमेकवर बोलताना ज्यांनी फक्त रिमेक पाहिला त्यांनी आधी बोलायचं, आणि ज्याने मूळ पाहिलं त्याने सगळ्यात शेवटी, आणि त्याच्या बोलण्यात कुणी तोंड घालायचं नाही. मंडळी तिला थट्टेने मूळबाई म्हणायची. थट्टेत मान होता. तो मान आता ज्यावर उभा होता ते मूळ नव्हतंच, चुकीच्या डब्यातून निघालेलं रीळ होतं. साप म्हणून भुई धोपटली होती इतकी वर्षं, आणि वर परक्या माणसाला पेपरातून भित्रा म्हटलं होतं. पण हे सगळं एका बाजूला. दुसऱ्या बाजूला दादा होता. दादाने कधी रीळ जाळलं नाही, कधी मशीन अडकू दिलं नाही, आणि मंडळ बुडालं, मशीन भंगारात गेलं, तरी मागच्या खोलीत त्याला सगळे अजून ऑपरेटर म्हणायचे, आणि तो त्या हाकेला ओ द्यायचा तेव्हा त्याची पाठ जराशी सरळ व्हायची. आज तिने खरं सांगितलं तर त्या पाठीचं काय होणार होतं, हे तिला दिसत होतं. नाही सांगितलं तर चुकीची चिठ्ठी लावलेली बाटली फळीवर ठेवून दुकान बंद करायचं होतं.

पण पायांबरोबर मन भलतीकडेच चाललं होतं. त्या संध्याकाळी आई सभागृहात होती. बाबा जाऊन महिनाही झाला नव्हता. आई घराबाहेर पडत नव्हती, धड जेवत नव्हती. रडतही नव्हती, हे जास्त वाईट होतं. दादानेच तिला आणलं, अंधारात बस, कुणी बोलणार नाही तुझ्याशी, असं सांगून. तिसऱ्या रांगेत, भिंतीकडेला, ती आणि आई. पडद्यावर पेटी बर्फातून गेली तेव्हा आईचा हात तिच्या हातात होता आणि त्या हाताला वजन नव्हतं. मग अंधार झाला, नेहमीपेक्षा लांब, मागे कुणीतरी खाकरलं, आणि मग तो माणूस दार ढकलून आत आला. त्याने कोट अडकवला. बसला. मीठ मागितलं. बायको क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली, नुसती बघत, आणि आई पुढे वाकून, घरात बोलावं तशा साध्या आवाजात पडद्याला म्हणाली, "दे ना गं त्याला. मागतोय ना तो." आणि त्या बाईने दिलं. आईच्या हातात वजन आलं. घरी गेल्यावर आईने स्वतःहून पान वाढून घेतलं. ही गोष्ट तिने मागच्या खोलीत कधी सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही. तिने सांगितली ती फक्त चित्रपटाची गोष्ट. पुढे आईही गेली, नवऱ्याच्या छातीत कळ आली तेव्हा ती दवाखान्याच्या बाकावर एकटी बसली, मुलाचा कारखाना बंद पडला. दर वेळी तिने आपल्याशीच एक केलं होतं, दचकायचं नाकारलं होतं. जे दारातून येईल त्याला मीठ पुढे करायचं. तिचा सगळा कणा त्या एका प्रसंगावर बांधलेला होता. आणि त्या बाईने तर दचकायचं नाकारलंच नव्हतं. तिचा नवरा जिवंत होता, कामावरून आला होता, आणि त्याला मीठ कमी लागलं होतं.

मग कणा खोटा का? दुकानाचं कुलूप काढताना तिने हा प्रश्न स्वतःला अगदी रुक्षपणे विचारला, गिऱ्हाइकाला वय विचारावं तसा. फळीवर अशी औषधं होती, की जी शोधली गेली एका दुखण्यासाठी आणि उपयोगी पडली भलत्याच दुखण्याला. ती देताना कुणी माफी मागत नाही. मात्रा सांगतात आणि देतात. शटर वर गेलं, आणि आतला तो नेहमीचा वास आला, कडू, कोरडा, स्वच्छ. त्या वासात तिला नेहमी आपण बरोबर आहोत असं वाटायचं. आज तेवढं वाटलं नाही. एका गोष्टीचा हिशेब अजून लागत नव्हता. तो लांबलेला अंधार. दादाचा हात इतका वेळ कधी घ्यायचा नाही.

मंडळी एकेक करून आली. वकील आधी, कारण उलटतपासणीची सवय असलेल्या माणसाला साक्षीदारांच्या आधी खुर्ची लागते. त्यांनी खोकल्याच्या औषधाचं सगळ्यात मजबूत खोकं धरलं. मग दातांचे डॉक्टर, जे त्या संध्याकाळी विद्यार्थी म्हणून मागच्या बाकावर होते आणि त्यामुळे स्वतःला तिच्या खालोखाल मूळपुरुष समजायचे. मग दादा, हातात पक्कड घेऊन, कारण खोलीतला पंखा कुरकुरत होता आणि त्याला रिकाम्या हाताने बसता येत नसे. शेवटी सून, जी दाराशी उभी राहिली आणि सासूकडे बघायचं टाळत राहिली. सुरुवात नेहमीसारखी इकडच्या तिकडच्या चित्रपटांवरून झाली. डॉक्टरांनी एका चोरपोलिसाच्या चित्रपटाला वाखाणलं. त्यातला चोर पकडला गेल्यावर हसतो, ते हसणं त्यांना फार आवडलं होतं. सून म्हणाली, नटाने नवे दात बसवलेत म्हणून तुम्हाला आवडलं. वकिलांनी दुसऱ्या एका रिमेकची साल काढली. मूळ होतं थंडीच्या देशातलं, बर्फात अडकलेल्या चार मित्रांचं. रिमेकवाल्यांनी ते उन्हाच्या गावात आणलं, पण मफलरी तशाच ठेवल्या, आणि नट बिचारे कपाळ पुसत थरथरत होते. म्हणाले, नक्कल करायलाही अक्कल लागते. दादाला विचारलं तर तो पंख्याकडे बघत म्हणाला, आवाज बरा होता. दादा चित्रपटाबद्दल नेहमी एवढंच बोलायचा. आवाज, उजेड, फार तर दुसऱ्या भागात चित्र जरा मऊ पडलं. कुणी गोष्टीबद्दल विचारलं तर म्हणायचा, माझं काही नाही. तिला इतकी वर्षं तो त्याचा नम्रपणा वाटत आला होता.

मग विषय आला. नियमाप्रमाणे आधी वकील, ज्यांनी फक्त रिमेक पाहिला होता. त्यांनी दिग्दर्शकाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच्या दोन ओळींच्या उत्तराचा समाचार घेतला, आणि शेवटी तर्जनी वर करून म्हणाले की आता त्या माणसाला एकच सांगायचं, बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर. बाप हा शब्द खोलीत जरा जास्तच वेळ राहिला, निदान तिच्यापुरता. डॉक्टरांना पाळी येईपर्यंत धीर निघाला नाही; म्हणाले की आपण स्वतः डोळ्यांनी पाहिलंय, मेलेला माणूस जेवायला आला होता, शपथेवर सांगतो, कुठल्याही कोर्टात चला. सुनेची पाळी आली. तिने रिमेक पाहिला होता आणि मूळही, पण ते फक्त दोघींना माहीत होतं. ती एवढंच म्हणाली, रिमेक तिला वाईट वाटला नाही, त्यातल्या बाईचं काम चांगलं आहे. वकिलांनी तोंड वाकडं केलं. आणि मग सगळे तिच्याकडे बघू लागले, दादा सोडून. दादा पक्कडीने पंख्याच्या जाळीचा एक स्क्रू पिळत होता, जो आधीच पुरेसा घट्ट होता. तिने तो हात पाहिला, आणि तिला कळलं की त्याने पेपर वाचलाय. मंगळवारचाही आणि गुरुवारचाही. आणि त्याला आज इथे यायचं नव्हतं, तरी तो आलाय.

तिने सांगायला सुरुवात केली ती हळू आवाजात, चिठ्ठीवरची मात्रा समजावून सांगावी तशी. म्हणाली, सकाळी मूळ पाहिलं. दिग्दर्शक बरोबर आहे. मूळ चित्रपटात तो माणूस आधी जेवतो आणि मग मरतो. पेपरात मी जे छापून आणलं ते चूक आहे, आणि ते मी पेपरात लिहून कळवणार आहे. आपल्याकडे चौथ्या रिळानंतर तिसरं लागलं होतं. डॉक्टरांचं तोंड उघडं राहिलं, ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना तोंड उघडायला सांगितलं त्याचं. वकील आधी सावरले, कारण वकील सावरतातच. त्यांनी एकदा तिच्याकडे, एकदा दादाकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. ते दुष्ट नव्हतं, पण हसूच होतं. ऑपरेटर, असं ते लांबवून म्हणाले. तिला जे होईल असं वाटलं होतं ते होऊ लागलं होतं. दादाची मान खाली गेली नव्हती, पण ती खाली न जाऊ देण्यासाठी तो काय करत होता ते तिला दिसत होतं. आणि त्याच क्षणी, काही न ठरवता, तिच्या आतली सकाळपासूनची ती लाज कुठल्या कुठे गेली. तिथे जे आलं ते तिच्या ओळखीचं होतं. बाबा बाजारात माल विकायला बसायचे तेव्हा कुणी त्यांच्या तागडीला हात लावला तर लहानपणी ती जशी चवताळायची, तसं.

"माझं संपलेलं नाही," ती म्हणाली. "पेपरात मी आणखी एक लिहिणार आहे. आम्ही पाहिला तो मूळ नव्हता. तो त्याचा पहिला रिमेक होता. या लोकांच्या कितीतरी आधीचा. त्याचा एकच खेळ झाला, आणि तो मुळाहून चांगला होता."

"आणि दिग्दर्शक कोण म्हणे?" डॉक्टरांनी विचारलं.

"माझा भाऊ."

दादाने पक्कड खोक्यावर ठेवली. त्याचे कान लाल झाले होते, म्हाताऱ्या माणसाचे कान इतके लाल होतात हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तो म्हणाला, की उगाच काहीतरी बोलू नकोस, चूक होती ती. आधीच्या गावच्या लोकांनी रिळं डब्यांत उलटसुलट भरली होती. तिसरा म्हणून उघडला त्यात चौथं निघालं, आणि मी न बघता ओवलं. ते पेटी घेऊन निघाले तेव्हा मला कळलं. तो हे सगळं इतक्या सरळ सांगत होता, जणू कुणी विचारायचीच वाट बघत इतकी वर्षं ते जिभेशी तयार ठेवलं होतं. वकिलांचा धंदा जागा झाला. ते म्हणाले, मान्य, चौथं चुकून लागलं. पण कळल्यावर दिवे लावायचे, लोकांना सांगायचं, की मंडळी, माफ करा, आता जे दाखवतो ते आधीचं आहे. तेवढं केलं असतं तर या बिचारीवर ही वेळ आली नसती. कुणीही तेच केलं असतं.

"तेच करणार होतो," दादा म्हणाला. "बटणावर हात होता." तो थांबला. त्याने वकिलांकडे पाहिलं नाही, तिच्याकडे पाहिलं. "मग तुमच्या दोघींकडे नजर गेली. म्हटलं, सांगितलं तर तो मागचा भाग होईल. न सांगता लावलं, तर तो माणूस परत येईल. म्हटलं, येऊ दे त्याला. एवढ्या वेळेला येऊ दे."

सून दाराशी होती, ती आत येऊन दादामामाच्या शेजारच्या खोक्यावर बसली. सासूला स्वतःला काही बोलायचं होतं, पण ती त्या लांबलेल्या अंधारातच होती अजून, आणि आता तो अंधार तिला दुसऱ्या टोकाकडून दिसत होता: काळ्या कापडाने झाकलेल्या खिडक्या, तापलेल्या मशीनचा वास, मांडीवर तिसरं रीळ घेऊन बसलेला एक तरुण वायरमन, ज्याचेही बाबा जाऊन महिना झाला नव्हता. अख्ख्या सभागृहात त्याला एकट्यालाच माहीत होतं, की मेलेला माणूस येत नाही, हे नुसतं आधीचं रीळ आहे. बाकीच्यांना तो परत आलेला दिसणार होता. त्याला दिसणार नव्हता. आणि तरी त्याने फीत ओवली, पुढे वाकून भिंग सारखं केलं, आणि चित्र अगदी स्वच्छ येईल असं बघून मशीन सुरू केलं.